रवी नीच, चंद्रही नीच: पत्रिकेतले हे दोघे नेमके वाचायचे कसे?

निळीशाई

नमस्कार मंडळी. ज्योतिष शिकायला सुरुवात केली आहे आणि पहिल्याच पायरीवर अडकले आहे, म्हणून हा धागा.

माझी स्वतःची पत्रिका अशी: मकर लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास मकर, तेच पहिलं स्थान. दशमात (दहाव्या स्थानात) तुळेचा रवी २२ अंशांवर, सोबत बुध. लाभात (अकराव्यात) वृश्चिकेचा चंद्र ८ अंशांवर, अनुराधा नक्षत्र. चतुर्थात मेषेचा मंगळ, व्ययात (बाराव्यात) धनूचा शुक्र. जन्म कार्तिक शुद्ध द्वितीया, दुपारी बाराच्या सुमाराला.

पत्रिका दाखवली तेव्हा एवढंच ऐकायला मिळालं: "रवी नीच, चंद्र नीच. ना आत्मबळ, ना मनोबळ." कागदाची घडी घालून परत दिला. (नीच म्हणजे ग्रह सगळ्यात दुबळा मानला जातो अशा राशीत.) उपाय विचारायला मी इथे आलेली नाही. मला समजून घ्यायचं आहे. रवी म्हणजे आत्मा, पिता, अधिकार आणि चंद्र म्हणजे मन, माता, एवढं प्रत्येक पुस्तकात असतं. पण ते प्रत्यक्ष पत्रिकेत वाचताना सुरुवात कुठून करायची? आधी रास बघायची, स्थान बघायचं की नक्षत्र?

पंचांगवाचक

निळीशाई, अंश दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण नुसती चौकट टाकतात आणि फलित विचारतात.

माझं मत स्पष्ट आहे. रवी वेगळा आणि चंद्र वेगळा असं वाचूच नका. सगळ्यात आधी दोघांमधलं अंतर मोजा. मेषेच्या शून्य अंशापासून धरलं तर तुमचा रवी २०२ अंशांवर येतो आणि चंद्र २१८ वर. चंद्र १६ अंश पुढे आहे. दर १२ अंशांना एक तिथी, म्हणजे पहिली संपून दुसरी चालू. शुद्ध द्वितीया. तुम्ही सांगितलेली तिथी पत्रिकेशी जुळली, तेव्हा या दोघांपुरतं गणित ठीक आहे. पत्रिकेवर विश्वास ठेवण्याआधी एवढं प्रत्येकाने करावं. अमावास्येचा जन्म असेल तर दोघे जवळजवळ एकाच अंशावर हवेत, पौर्णिमेचा असेल तर समोरासमोर.

दुसरी पडताळणी वेळेची. सूर्योदयाला रवी लग्नात असतो, माध्यान्हीला दशमात, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री चतुर्थात. एखाद्या स्थानाचा फरक पडू शकतो, पण त्याहून जास्त नाही. तुमचा जन्म दुपारी बाराचा आणि रवी दशमात. जुळतंय.

आता नीचपणाबद्दल. रवीचा परमनीच अंश तुळेचा १०, चंद्राचा वृश्चिकेचा ३. तुमचा रवी तो अंश ओलांडून १२ अंश पुढे आलाय, चंद्र ५ अंश. दोघेही खालचं टोक मागे टाकून वर निघालेत. शिवाय दशमात रवीला दिग्बल (दिशेचं बळ) मिळतं, तिथे तो सगळ्यात जोरकस. म्हणजे राशीने दुबळा आणि स्थानाने बळकट. हे दोन्ही एकदम खरं असतं, आणि 'ना आत्मबळ' या दोन शब्दांत ते मावत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा, मला स्वतःला ही फार आवडते. रवी नीच होतो ती रास शुक्राची, उच्च होतो ती मंगळाची. चंद्राचं बरोबर उलट: नीच मंगळाच्या राशीत, उच्च शुक्राच्या राशीत. त्यामुळे दोघांचाही नीचभंग, म्हणजे नीचपणा रद्द होणं, पाहायचा तर आधी मंगळ आणि शुक्र हे दोघेच शोधायचे. तुमचा मंगळ मेषेत, स्वराशीत, लग्नापासून केंद्रात (१, ४, ७, १० यांपैकी एका स्थानात) आहे. एकटा मंगळ दोघांनाही हात देतो.

निळीशाई

हे वाचून आधी कागद काढला आणि घरातल्या सगळ्यांच्या तिथ्या मोजल्या. सगळ्या जुळल्या! पंचांगवाचक, मनापासून आभार. पण एक शंका. मकर लग्नाला सिंह रास अष्टमात येते. म्हणजे माझा रवी अष्टमेश, आठव्या स्थानाचा स्वामी. अष्टमेश दशमात असणं वाईट ना?

पंचांगवाचक

पाराशरी परंपरेत रवी आणि चंद्र या दोघांना अष्टमेशाचा दोष लागत नाही. बाकी पाच ग्रहांना दोन-दोन राशी, या दोघांना एकेकच, रवीला सिंह आणि चंद्राला कर्क. मकर लग्नाला रवी अष्टमेश, धनू लग्नाला चंद्र अष्टमेश. दोन्ही ठिकाणी हा अपवाद लावतात. तेवढ्यावरून घाबरू नका.

उत्तराषाढा

पंचांगवाचक यांच्याशी बरंचसं सहमत, पण नीचभंगाच्या बाबतीत नाही. आजकाल नीच ग्रह दिसला रे दिसला की लगेच भंग शोधून दिलासा दिला जातो. नियम इतके सैल लावले तर भंग न होणारा नीच ग्रह सापडणंच कठीण. ज्याला शिकायचं आहे त्याने ही सवय लावून घेऊ नये.

निळीशाई, तुमच्या चंद्राचा खरा प्रश्न नीचपणाचा नाहीच. तो अमावास्येच्या अगदी जवळ आहे, पक्षबल (चंद्र किती उजळलेला आहे त्यावरून येणारं बळ) जेमतेम. माझ्या अभ्यासात पक्षबलाचा परिणाम राशीबलापेक्षा कितीतरी ठळक दिसतो. वृश्चिकेचा पौर्णिमेचा चंद्र आणि वृश्चिकेचा द्वितीयेचा चंद्र हे दोन्ही कोष्टकात 'नीच', पण त्यांना एका मापाने मोजता येत नाही. पौर्णिमेच्या वेळी वृश्चिकेत चंद्र असेल तर समोर वृषभेत रवी असणार, त्याचा पूर्ण प्रकाश चंद्रावर. असा माणूस भावनेच्या भरात वाहवत जाईल, पण रिता होणार नाही. द्वितीयेच्या चंद्राचा माणूस आपलं मन पटकन कुणाला दाखवत नाही. आधी अंदाज घेतो, थांबतो, मग थोडं बोलतो. एकदा बोलला की मात्र खोल बोलतो, कारण रास वृश्चिक आणि नक्षत्र अनुराधा. मैत्री टिकवणारं हे नक्षत्र, देवता मित्र.

आणि शुक्ल पक्ष आहे हे विसरू नका. हाच चंद्र रवीच्या १६ अंश मागे असता, वद्य चतुर्दशीचा, तर मी वेगळं बोललो असतो. वाढत्या चंद्राचं बळ वयाबरोबर हाती येतं असं मी मानतो. लहानपणी बुजरेपणा, पुढे स्थैर्य. तुमच्या बाबतीत तसं आहे का, ते तुम्हीच सांगा.

निळीशाई

लहानपणी बुजरी होते हे खरं आहे. आता तितकी नाही. पण असं तर पुष्कळांचं असतं, त्यामुळे पुरावा म्हणून मोजत नाही. तुम्ही आणि पंचांगवाचक यांच्यात जिथे फरक आहे तिथेच मला जास्त शिकायला मिळतंय, तेव्हा कृपया असंच लिहीत राहा.

आकाशदर्शी

मी फलज्योतिष मानत नाही, पण आकाश पाहतो, म्हणून थोडं लिहितो. निळीशाई, तुमच्या जन्माच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत चंद्र त्याच्यापासून १९ अंशांच्या आसपास गेला असणार. सूर्यास्तानंतर पश्चिमेला, क्षितिजाच्या थोडं वर, अगदी बारीक कोर. चंद्रबिंबाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग उजळलेला. हवा स्वच्छ असेल तर उरलेलं काळं बिंबही पुसटसं दिसतं, पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडात. पत्रिका म्हणजे त्या क्षणाच्या आकाशाचा नकाशा, हे मला पूर्ण मान्य. तिथी, नक्षत्र, राशी हे सगळं मोजता येतं आणि पडताळता येतं.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका एकत्र केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि कोणती पत्रिका कुठल्या गटातली एवढंच ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून जवळपास तेवढंच जमलं असतं. धाग्यात भांडण लावायचं म्हणून हे सांगत नाही. पण 'मनोबळ नाही' असं कुणी तुमच्या तोंडावर म्हणतो, तेव्हा त्या विधानामागे काय आधार आहे हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

उत्तराषाढा

आकाशदर्शी, कोरीचं वर्णन सुंदर. चाचणीबद्दल: नुसत्या पत्रिकेवरून बुद्धीचा निवाडा करता येतो असं म्हणणाऱ्यांचे दावे त्या चाचणीत टिकले नाहीत, हे मान्य करायलाच हवं. मी स्वतः पत्रिका समोरच्याशी बोलून वाचतो. त्यामुळे माझं वाचन तुमच्या कसोटीला उतरत नाही हेही मान्य. तरीही माणसाला स्वतःकडे पाहायला त्याची मदत होते, असा माझा अनुभव आहे आणि म्हणून मी हे करतो.

आकाशदर्शी

इतकं सरळ बोलणारे ज्योतिषी कमी भेटतात. आपला मतभेद जागच्या जागी राहू दे.

कोरीपाटी

मध्येच विचारते, अगदी प्राथमिक प्रश्न आहे. माझा जन्म ५ एप्रिलचा. इंग्रजी राशीभविष्यात मी मेष. घरच्या पत्रिकेत रवी मीनेत आहे. आणि आई म्हणते तुझी रास कन्या. मग मी नक्की कोण?

पंचांगवाचक

तिन्ही बरोबर, फक्त तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

'रास कोणती?' असं आपल्याकडे विचारलं की चंद्ररास सांगायची असते. तुमचा चंद्र कन्येत, म्हणून रास कन्या. साडेसाती याच राशीवरून पाहतात, नावाचं आद्याक्षर चंद्राच्या नक्षत्रचरणावरून काढतात.

इंग्रजी पद्धतीत रवीची रास सांगतात आणि तीही सायन, म्हणजे वसंतसंपात बिंदूपासून मोजलेली. सूर्य साधारण २१ मार्चला त्या बिंदूवर येतो, तिथून मेष सुरू. आपली पत्रिका निरयन, तारकांच्या चौकटीवर मोजलेली. संपातबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकला (३६०० विकला म्हणजे एक अंश) मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. साचत साचत दोन्ही मोजण्यांतलं अंतर आता २४ अंशांवर आलंय, तेच अयनांश. त्यामुळे निरयन मेषेत सूर्य येतो तो १४ एप्रिलच्या आसपास. ५ एप्रिलला तो मीनेतच.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सायन रवीचं वर्णन वाचून ते निरयन रवीला चिकटवू नका. कुठल्याही एका पद्धतीत राहून वाचा. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ इथेच होतो.

दुपारसावली

हा धागा वाचून धीर आला, म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलाच्या पत्रिकेत कुंभेत चंद्र आणि राहू एकत्र आहेत. आम्हाला सांगितलं गेलं की हा ग्रहण योग आहे, मुलाच्या मनावर कायमची सावली राहील, लगेच शांत करा. मुलगा सहावीत आहे, हसतो-खेळतो, चांगला आहे. पण आता तो जरा गप्प बसला तरी माझ्या पोटात गोळा येतो. जन्म वद्य षष्ठीचा.

पंचांगवाचक

ताई, आधी गणित पाहू.

चंद्राची आकाशातली वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरकी आहे. त्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. खरं ग्रहण फक्त अमावास्येला किंवा पौर्णिमेला होतं, आणि तेही त्या वेळी सूर्य यांपैकी एका बिंदूजवळ असेल तरच. सूर्यग्रहणाला साधारण १५ ते १८ अंशांच्या आत, चंद्रग्रहणाला त्याहूनही जवळ. षष्ठीला ग्रहण होऊच शकत नाही. तुमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी आकाशात कुठलंही ग्रहण नव्हतं.

आता ही युती किती दुर्मीळ? चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. राहूची रास एक, केतूची रास एक. म्हणजे दर महिन्यात साडेचार दिवस चंद्र या दोघांपैकी एकाच्या राशीत असतोच. दर सहा मुलांमागे एकाच्या पत्रिकेत हा तथाकथित ग्रहण योग असतो. रवीचंही तसंच, वर्षातले दोन महिने. मुलाच्या वर्गात पाहिलंत तर प्रत्येक बाकावर नाही, पण प्रत्येक रांगेत असं एखादं मूल निघेल.

फलितात चंद्र-राहू युतीला अर्थ आहे असं मी मानतो. कल्पनाशक्ती दांडगी, मन एका जागी कमी ठरतं, अनोळखी गोष्टींची ओढ. ते सुद्धा दोघांत अंशांचं अंतर किती, गुरूची दृष्टी आहे का, हे पाहूनच बोलायचं. 'कायमची सावली' हे शब्द कुठल्याही लहान मुलाच्या पत्रिकेवर कुणीही उच्चारू नयेत. शांत करावीशी वाटली तर तुमच्या श्रद्धेने करा, भीतीने नको.

उत्तराषाढा

शब्दाशब्दाशी सहमत. एक जोडतो. चंद्र हा मातेचाही कारक. मुलाचा चंद्र वाचताना त्याच्या घरातलं वातावरण आपोआप वाचलं जातं. आई सतत धास्तावलेली असली तर मुलाला ते कळतंच, त्याला पत्रिका लागत नाही. तो गप्प असेल तेव्हा नुसतं शेजारी जाऊन बसा.

दुपारसावली

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. धन्यवाद दोघांनाही.

निळीशाई

या निमित्ताने बुधादित्य योगाचंही विचारून घेते. माझ्या पत्रिकेत तो आहे, आणि त्याचं फार कौतुक वाचलं आहे.

उत्तराषाढा

बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही. त्यामुळे रवी-बुध एका राशीत असणं ही अगदी रोजची गोष्ट. योग आहे, पण त्याने हुरळून जाऊ नका. बुध रवीच्या फार जवळ असेल तर अस्तंगतही (रवीच्या तेजात लोपलेला) होतो, म्हणून आधी अंश पाहा. त्यापेक्षा तुमच्या चंद्राच्या दोन्ही बाजूंच्या राशींत ग्रह आहेत, मागे बुध आणि पुढे शुक्र, हा दुरुधरा योग मला जास्त मोलाचा वाटतो. चंद्र एकटा पडलेला नाही. केमद्रुम, म्हणजे चंद्राच्या मागे-पुढे एकही ग्रह नसणं, पाहतानाही मागच्या-पुढच्या राशींतला रवी मोजत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

कोरीपाटी

आणि जन्मवेळच नक्की माहीत नसेल तर? माझ्या वडिलांची 'पहाटे कधीतरी' एवढीच आहे.

पंचांगवाचक

मग लग्न बाजूला ठेवा, कारण ते साधारण दर दोन तासांनी बदलतं. रवी दिवसाला एक अंश चालतो आणि चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश, तेव्हा दोघांच्या राशी बहुतेक वेळा पक्क्या सापडतात. चंद्र ज्या राशीत आहे ते पहिलं स्थान धरून चंद्रकुंडली मांडा. मात्र त्या दिवशी चंद्र रास किंवा नक्षत्र बदलत नाही ना, हे पंचांगात बघा. विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्यात एकामागून एक येणारे ग्रहांचे कालखंड, चंद्राच्या नक्षत्रावरूनच सुरू होते, आणि नक्षत्राचा किती भाग उरलाय यावर जन्मदशेची उरलेली वर्षं ठरतात. निळीशाईंचंच बघा: अनुराधा वृश्चिकेच्या ३ अंश २० कलांना (६० कला म्हणजे एक अंश) सुरू होतं. ८ अंशांवर चंद्र म्हणजे नक्षत्राच्या ८०० कलांपैकी २८० संपल्या, ६५ टक्के उरल्या. अनुराधाची दशा शनीची, १९ वर्षांची. तिची सुमारे १२ वर्षं ४ महिने जन्मानंतर भोगायची.

निळीशाई

छापील पत्रिकेत भोग्य दशा १२ वर्षं ४ महिनेच लिहिली आहे! हे कुठून येतं ते आज कळलं.

रात्रपाळी

बऱ्याच वेळापासून वाचतोय. वर दिलेली रवीची पडताळणी स्वतःच्या पत्रिकेवर लावली आणि गडबड वाटते आहे. माझा जन्म रात्री नऊचा, दाखल्यावरही तसंच आहे. पत्रिकेत रवी लाभस्थानी आहे. चंद्र सिंहेत १० अंश, मघा. रात्री नऊला रवी अकराव्यात कसा?

पंचांगवाचक

येऊच शकत नाही. सूर्यास्तानंतर तीनेक तासांनी रवी षष्ठात किंवा पंचमात हवा. अकराव्यात तो असतो सकाळी नऊच्या सुमाराला. पत्रिका करताना कुणीतरी सकाळची वेळ धरली आहे असं दिसतं.

बारा तासांत चंद्र साधारण साडेसहा अंश पुढे जातो. म्हणजे तो १६ अंश ३० कलांच्या आसपास येईल. रास सिंहच राहील, पण १३ अंश २० कलांना मघा संपतं, तेव्हा नक्षत्र पूर्वा फाल्गुनी होईल. मघाच्या हिशेबाने तुमची केतूची दशा पावणेदोन वर्षं उरते, मग शुक्राची वीस, म्हणजे शुक्र संपतो पावणेबाविसाव्या वर्षी. पूर्वा धरलं तर जन्मच शुक्राच्या दशेत, उरलेली सव्वापंधरा वर्षं. त्यापुढची प्रत्येक महादशा साडेसहा वर्षं अलीकडे येते. लग्न बदलेल ते वेगळंच.

रात्रपाळी

म्हणजे विवाह जुळवताना गुणमेलनही मघा धरूनच केलं होतं...

पंचांगवाचक

गुण नक्षत्रावरून काढतात, तेव्हा तो आकडा बदलणार. पण तुमचा संसार नीट चालला असेल तर तो पुन्हा मोजायच्या फंदात पडू नका. पत्रिका मात्र दाखल्यावरची वेळ घालून नव्याने करा, आणि रवी कुठल्या स्थानात येतो ते आधी बघा. लग्न आणि चंद्राचे अंश इथे टाका, पुढचं मिळून बघू.